जुझदान, बासन आणि काकांची पेटी

शाबान सरत आला की आमच्याकडच्या घरांत शेवयांच्या आधी जुझदानं बाहेर निघतात. जुझदान म्हणजे कुरआन शरीफ ज्यात गुंडाळून ठेवतात ते कापडी वेष्टन. कुणाचं लग्नातल्या शालूच्या उरलेल्या तुकड्याचं, कुणाचं साध्या मांजरपाटाचं, कडेला गोट लावलेलं. ते धुऊन, वाळवून पुन्हा घातलं जातं. भिंतीतल्या ताकावरची, म्हणजे कोनाड्यातली, घडीची लाकडी रेहल पुसली जाते. वर्षभर ज्या घरात वर्तमानपत्रापलीकडे काही वाचलं जात नाही, त्या घरातही रमजानच्या चंद्राबरोबर एक जाडजूड ग्रंथ उघडतो आणि महिनाभरात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जातो. तीस पारे, तीस दिवस. कुणी दोनदा करतं, कुणाचं अर्ध्यावर राहतं आणि ईदनंतर पुरं होतं.

शेजारच्या घरात श्रावणात हेच घडतं. पोथी बासनातून निघते, चौरंगावर ठेवली जाते, पारायण होतं, पोथी पुन्हा बासनात जाते. मराठीत 'बासनात गुंडाळलं' याचा अर्थ आज 'काम कायमचं बाजूला टाकलं' असा झालाय. सरकारी योजना बासनात जातात, चौकशीचे अहवाल जातात. मुळात हे कापड जपण्यासाठी होतं. धूळ, वाळवी, लहान मुलांचे तेलकट हात यांपासून कागद वाचवायचा, हा त्याचा हेतू. पेशवे दफ्तरातले मोडी कागद अजूनही 'रुमाल' या मापाने मोजले जातात, कारण ते कापडात बांधलेले आहेत. जुझदान, बासन, रुमाल ही एकाच कामाची तीन नावं.

कुरआनातला पहिला शब्द रमजानमध्ये उतरला आणि तो 'इकरा', म्हणजे 'वाच', असा होता, हे या पानावर दरवर्षी कुणी ना कुणी लिहितं. म्हणून मी ते लांबवत नाही. फक्त एवढंच म्हणते की, वाचण्याच्या या आज्ञेला आपण अर्धंच ऐकलंय. आमच्यातल्या बहुतेकांना अरबी अक्षरं वाचता येतात, अर्थ कळत नाही. आमच्या पिढीतल्या कित्येकांना अर्थ पहिल्यांदा भेटला तो उर्दू किंवा मराठी भाषांतरात. विनोबांनी अरबी शिकून मूळ कुरआनाचा अभ्यास केला आणि 'कुराण-सार' काढलं. साने गुरुजींनी पैगंबरांचं चरित्र मराठीत लिहिलं. ही पुस्तकं मुसलमान घरांतल्या कपाटात असायला हवीत. दिसतात ती क्वचित.

छापील पानाचं महत्त्व कुणाला विचारायचं असेल तर या महिन्यात हाफिजांना विचारावं. हाफिज म्हणजे ज्याला संपूर्ण कुरआन तोंडपाठ आहे तो. रात्रीच्या तरावीहच्या नमाजमध्ये तो रोज सव्वा-दीड पारा न बघता म्हणतो. मागे दुसरा हाफिज उभा असतो. पुढचा कुठे अडखळला तर तो हळूच शब्द पुरवतो. या पुरवण्याला 'लुकमा देणं' म्हणतात आणि लुकमा म्हणजे घास. आता ज्यांना सगळं पाठ आहे त्यांना पुस्तकाशी काय करायचंय, असं वाटेल. पण कुठल्याही हाफिजाला त्याची प्रत बदलून देऊन पाहा. त्याला तीच हवी असते. पाठांतराची एक खास छपाई असते, प्रत्येक पानावर १५ ओळी आणि पान संपतं ते आयत संपते तिथेच. एक पारा साधारण २० पानांचा. वर्षानुवर्षं तीच छपाई वाचल्यामुळे कुठली आयत डाव्या पानावर वरच्या कोपऱ्यात आहे, कुठली उजव्या पानावर तळाशी, हे डोळ्यांना ठाऊक असतं. म्हणताना मनात पान उलटतं. मोबाइलवर अक्षरं मोठी केली की ओळी खाली सरकतात आणि आठवणीचा तो पत्ताच हलतो.

हे फक्त मदरशातलं शहाणपण नाही. २०१८ मध्ये संशोधकांनी ५४ अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला. माहितीपर मजकूर, विशेषतः वेळेचं बंधन असताना, पडद्यापेक्षा कागदावर जास्त चांगला समजतो, असं त्यातून निघालं. गोष्टी-कादंबऱ्यांच्या बाबतीत मात्र फरक आढळला नाही, हेही सांगायला हवं. म्हणून परीक्षेच्या तोंडावर पीडीएफ वाचणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी छापून घ्यायला सांगते आणि कादंबरी मोबाइलवर वाचणाऱ्यांना काही म्हणत नाही. वाचतायत हेच खूप.

दोन भाषा शिकलेल्या माणसाला शब्दांचे खेळ दिसत राहतात. 'ग्रंथ' या शब्दात गाठ मारणं आहे, बांधणं आहे. उर्दूत पुस्तकाच्या बांधणीला 'जिल्द' म्हणतात आणि अरबीत जिल्द म्हणजे कातडी. एकाने दोरा लक्षात ठेवला, दुसऱ्याने चामडं. 'वरक' म्हणजे पान, आणि मिठाईवरचा चांदीचा वर्ख हाच तो शब्द. 'वही' हा शब्द वर्गात काढला की मुलं हसतात. मराठीत ती दुकानातून वीस-पंचवीस रुपयांना मिळते, उर्दूत 'वही' म्हणजे ईश्वराकडून पैगंबरांपर्यंत आलेला संदेश. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, उच्चार तेवढा जुळलाय. 'रद्दी' मात्र दोन्हीकडे एकच, नाकारलेलं, रद्द केलेलं.

रद्दीवरून आठवलं, म्हणजे खरं तर ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे आले. आमचं युसूफ वडगाव केज तालुक्यातलं. मराठवाड्यात वडगावं उदंड आहेत, म्हणून प्रत्येकाला पुढे काहीतरी जोडावं लागतं. आमच्या वडगावाला युसूफ जोडला गेला. तर गावातले एक काका, माझ्या वडिलांच्या वयाचे, शेती करणारे. मागच्या उन्हाळ्यात त्यांचं जुनं माळवद उतरवायचं काम निघालं. आत एक लोखंडी पत्र्याची पेटी सापडली. त्यांनी निरोप धाडला. गेले तर पेटी ओट्यावर काढून ठेवलेली, वर धुतलेलं पंचाचं फडकं.

"पोरी, तुमच्या लिपीतलं दिसतंय," काका म्हणाले. "कुरान असंल म्हनून रद्दीत घालायची छाती व्हईना. अन् घरात ठिवावं तर वाळवी लागायली. नदीत सोडावं म्हनलं, तर ही म्हनली आधी तिला इचारा."

काकांची ही अडचण आमच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. उर्दू छापील कागदावर कुठे अल्लाहचं नाव असेल या धास्तीने आमच्याकडेही कागद फेकत नाहीत. कुरआनाची फाटकी प्रत 'शहीद झाली' असं म्हणतात, आणि ती पुरतात किंवा वाहत्या पाण्यात सोडतात. पुष्कळ मशिदींत अशा पानांसाठी वेगळी पेटी टांगलेली असते. त्या अदबीपायी किती तरी साधी पुस्तकंही पाण्यात गेली असतील.

काकांच्या पेटीत कुरआन नव्हता. वर होता हैदराबाद संस्थानचा जमीन महसूल कायदा, १३१७ फसलीचा, उर्दूत. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९०७. त्याखाली उर्दूतलंच अंकगणित, जनावरांच्या रोगांवरचं एक पातळ पुस्तक, अर्ज-दावे कसे लिहावेत याचा नमुना, आणि तळाशी मागची-पुढची पानं गेलेली एक कादंबरी. काकांचे आजोबा वकिली करत. घरात त्यांचा फोटो आहे, पण ते उर्दू वाचत हे नातवाला ठाऊक नव्हतं.

ठाऊक असायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही, कारण ते कुणी सांगितलंच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या राज्यात कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. १९१७ मध्ये हैदराबादला भाषांतराचं स्वतंत्र खातं निघालं, १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं आणि तिथे वैद्यकापासून कायद्यापर्यंत सगळं उर्दूतून शिकवलं जाऊ लागलं. मराठी मुलांवर परकी माध्यमभाषा लादली गेली हा सल खरा आहे, आणि त्याविरुद्ध मराठी शाळा काढणाऱ्यांचं मोल मोठं आहे. पण त्याच काळात मराठवाड्यातला शिकलेला माणूस, मग तो देशमुख असो, कुलकर्णी असो वा काझी, एकच कायद्याचं पुस्तक आणि एकच उर्दू वर्तमानपत्र वाचत होता, हेही खरं आहे. १९४८ नंतर दोन पिढ्यांत हे विसरलं गेलं. उर्दू ही 'तुमची लिपी' झाली. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, निजामकालीन दप्तरं उघडली गेली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. कालपर्यंत ज्यांना कुणी विचारत नव्हतं अशा म्हाताऱ्या मंडळींना गाडी पाठवून बोलावलं जात होतं.

मोडीचं निघालंच आहे तर सांगते. महसूल कायद्याच्या त्या पुस्तकात छापील मजकूर उर्दू आणि समासात बारीक शाईने लिहिलेलं मोडी. मला छापलेलं वाचता येत होतं, लिहिलेलं नाही. ते पुस्तक घेऊन मी अंबाजोगाईला एका निवृत्त शिक्षकांकडे गेले. त्यांना मोडी येतं, उर्दू नाही. मी कलम वाचायचं, त्याचा मराठीत अर्थ सांगायचा, आणि सरांनी शेजारची टीप वाचायची, अशा आमच्या चार दुपारी गेल्या. तगाईच्या कलमाशेजारी कुणाकुणाचं किती देणं आहे याचा हिशेब होता. वारसाच्या कलमाशेजारी एका भांडणाची हकिगत, आणि तिथे सर थांबले, म्हणाले, "ही माणसं अजून नांदतायत, मॅडम, हे पुढे वाचू नये." आम्ही ते पान उलटलं. एका कोऱ्या पानावर खोकल्याच्या काढ्याचं प्रमाण होतं. वकीलसाहेब उर्दूत वाचत आणि मनातल्या मनात मराठीत बोलत, हे त्या समासांनी सांगितलं. स्कॅन केलेल्या स्वच्छ प्रतीत हे मिळालं नसतं. पीडीएफ करणारे तर समास कापूनच टाकतात.

अशा दोन लिपींच्या पुस्तकांचा नाद मला आधीपासून होता, तो या पेटीने वाढला. मौलवी अब्दुल हक, ज्यांना उर्दू जग 'बाबा-ए-उर्दू' म्हणतं, ते कित्येक वर्षं औरंगाबादला राहिले. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचा कारभार तिथूनच चाले. जुन्या दख्खनी ग्रंथांच्या प्रती शोधून त्यांनी छापल्या, मुल्ला वजहीचं 'सबरस' त्यांतलंच. याच गृहस्थांनी १९३३ मध्ये मराठीवर फारसीचा काय परिणाम झाला यावर उर्दूत एक पुस्तक लिहिलं. आणि त्याआधी, १९२५ मध्ये, पुण्यात माधव जूलियन यांनी फारसी-मराठी कोश काढला होता. कवी म्हणून पाठ्यपुस्तकात भेटणारे माधवराव पटवर्धन फारसीचे प्राध्यापक होते, हे विद्यार्थ्यांना सांगितलं की ते चकित होतात. पुढे श्रीपाद जोशी आणि गोरेकर यांचा उर्दू-मराठी शब्दकोश आला. माझ्या टेबलावर तो कायम उघडा असतो. कोशात एक शब्द शोधायला जावं आणि शेजारच्या चार शब्दांत अर्धा तास जावा, हे सुख शोधखिडकीत टाइप करणाऱ्याला नाही. तिथे विचारलं तेवढंच उत्तर मिळतं. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी इतिहासकार म्हणून सगळ्यांना माहीत. त्यांनी गालिब मराठीत आणला, सूफी संप्रदायावर मराठीत लिहिलं. हैदराबाद संस्थानात अधिकारी असलेल्या माणसाने हे केलं याचं मला नवल वाटत नाही, त्यांच्या पिढीला दोन्ही कपाटं घरचीच होती.

उलट्या दिशेचा शोध मला रा. चिं. ढेरे यांच्या 'मुसलमान मराठी संतकवी' या पुस्तकाने घडवला. एम.ए.ला असताना ते हाती आलं. तोपर्यंत माझी समजूत अशी की, मराठी संतसाहित्याच्या ओसरीवर आम्ही पाहुणे. त्यात श्रीगोंद्याचे शेख महंमद भेटले, ज्यांचं 'योगसंग्राम' सतराव्या शतकातलं, आणि ज्यांच्या घराण्याचं नाव आमच्या शेजारच्या धारूरशी जोडलं जातं. शहा मुंतोजी भेटले. हुसेन अंबरखान भेटले, ज्यांनी गीतेवर मराठी टीका लिहिली आणि ती 'अंबरहुसेनी' म्हणून ओळखली जाते. मी अंबाजोगाईच्या रस्त्याने शेकडो वेळा गेले होते. मुकुंदराजांची समाधी आणि दासोपंतांची पासोडी ठाऊक होती. सुमारे ४० फूट लांब कापडावर दासोपंतांनी मजकूर लिहिला, कागद पुरेना म्हणून की काय, अशी थट्टा आम्ही करत असू. पण त्याच अक्षरपरंपरेत माझ्या नावाची माणसं आहेत, हे त्या पुस्तकाने सांगितलं. पुढे यू. म. पठाण सरांचं महानुभाव साहित्यावरचं काम वाचलं. १९९० च्या पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मराठीच्या प्राध्यापकाचं नाव युसूफखान असावं यात मराठवाड्याला तेव्हा काही विशेष वाटलं नव्हतं, निदान माझ्या वडिलांना तरी नाही. त्यांनी बातमी वाचून फक्त 'अपने पठाण सर' म्हटलं होतं.

आता अडचण सांगते. काकांची पेटी रिकामी झाल्यावर पुस्तकं ठेवायची कुठे? एका वाचनालयाने घेतली नाहीत. नोंदवहीत मराठी, हिंदी, इंग्रजी असे रकाने आहेत, उर्दूची नोंद कोण करणार, असं उत्तर आलं. एका उर्दू शाळेने घेतली नाहीत, कारण मुलांना जमीन महसूल कायदा कशाला. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे. आणि नेमकी अशीच पुस्तकं, जी दोन्हीकडे बसत नाहीत, ती रद्दीच्या काट्यावर जातात. मराठी माध्यमात शिकलेली आमची मुलं उर्दू वाचत नाहीत. उर्दू माध्यमातली मुलं शेख महंमदांपर्यंत पोहोचत नाहीत.

तरी सगळं काळंकुट्ट नाही. डिसेंबर २०२१ मध्ये मालेगावला उर्दू पुस्तकांचा मेळा भरला. यंत्रमागाचं गाव, नुकताच सरलेला टाळेबंदीचा काळ, आणि तिथे एक कोटी रुपयांहून जास्त पुस्तकं विकली गेली. त्याच वर्षी जानेवारीत औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मरियम मिर्झा या शाळकरी मुलीने ३०० पुस्तकांवर मोहल्ला बाल वाचनालय सुरू केलं. शाळा बंद होत्या, मुलं गल्लीत रिकामी फिरत होती. तिच्या वडिलांचं पुस्तकाचं दुकान, म्हणून सुरुवात सोपी गेली असेल. पण पुढे एकेका मोहल्ल्यात अशी तीसहून अधिक वाचनालयं उभी राहिली, हे दुकानामुळे होत नाही. केजला, आंब्याला असं एखादं का होऊ नये? ईदी म्हणून मुलांच्या हातात शंभराची नोट देताना सोबत चाळीस रुपयांचं गोष्टीचं पुस्तक द्यायला काय हरकत आहे? मी देते. मुलं आधी नोट मोजतात, हे मान्य.

पेटीतली बाकीची पुस्तकं सध्या माझ्याकडे आहेत, कडुनिंबाचा पाला घालून. ती कादंबरी मात्र काकांनी परत मागून घेतली. झालं असं की, मी सहज त्यांना तिची दोन पानं मराठीत सांगत वाचून दाखवली आणि ते गुंतले. आता आठवड्यातून एकदा, या महिन्यात इफ्तारच्या आधीच्या त्या लांबलचक तासात, मी जाते आणि पुढचं वाचते. काकू माझ्यासाठी खजूर बांधून ठेवतात. वकीलसाहेबांनी समासात तारखा घातल्यात, कुठवर वाचून झालं त्याच्या. १४६ व्या पानानंतर तारीख नाही. आम्ही परवा तिथे पोहोचलो.

पुस्तकाचं नाव, लेखक, साल काहीच शिल्लक नाही. पहिलं उरलेलं पान १७ वं, त्यात एक तरुण वकिलीची सनद घेऊन पावसात रेल्वेतून उतरतो आणि त्याला न्यायला कुणी आलेलं नसतं. १४६ वर त्याच्या धाकट्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडतं. शेवटचं पान २०८, आणि तिथे गोष्ट संपलेली नाही. कुणाच्या घरात, पेटीत, माळ्यावर अशी उर्दू कादंबरी धड असेल, किंवा कुणाला गोष्ट ऐकून नाव आठवत असेल, तर या दैनिकाच्या पत्त्यावर माझ्या नावे कळवावं. अजून बासष्ट पानं उरलीत, वाचायला ईदपर्यंतचे दिवस पुरतील. त्यापुढचं काकांना हवंय.